सुडोकू मध्येच अडकतं, पुढे कसं जायचं? बेसिक ट्रिक्स सांगा

पेपरवाचक_सांगली

नमस्कार मंडळी. दिवाळीपासून मी आणि आई रोज पेपरातलं सुडोकू घेऊन बसतोय, नियम माहितीयेत, म्हणजे प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि ३×३ च्या बॉक्समध्ये १ ते ९ आकडे एकेकदाच यायला हवेत. वर 'सोपं' लिहिलेलं असेल तर सुटतं. पण 'मध्यम' आलं की सुरुवातीला दोन-चार आकडे पडतात आणि मग गाडी थांबते, एकेका रिकाम्या घराकडे बघायचं, इथे ४ येईल की ७ की ९, काहीच ठरत नाही. आईचं म्हणणं असं की मग अंदाजाने एक टाकून बघावा, मला ते पटत नाही पण दुसरा रस्ताही माहीत नाही.

तर प्रश्न असे की सुरुवात नेमकी कुठून करायची, घरात कोपऱ्यात बारीक आकडे लिहितात ते सगळ्या घरांत लिहायचे का, आणि अंदाज लावणं हा खेळाचा भागच आहे का? यूट्यूबवर बघितलं पण ते लोक इतक्या फास्ट जातात की आईला काही कळत नाही आणि सगळं इंग्लिशमधून. मराठीत कुणी शांतपणे सांगितलं तर फार बरं होईल.

आत्ता अडकलोय ते हे:

. . ८ | १ ४ ६ | . . .
७ ५ . | . . . | . ३ .
. २ ६ | . ५ . | . . .
--------------------
. . . | ४ ६ ८ | ३ . .
. . . | . २ . | ८ ९ .
. ३ . | . . . | . ६ ५
--------------------
. . ९ | . ३ . | ५ . .
. . ३ | . ७ . | २ . .
. . ४ | ५ . ९ | १ . .

गणितवाली_ताई

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तोच महत्त्वाचा आहे. नाही, अंदाज लावायचा नाही. नीट बनवलेल्या सुडोकूला उत्तर एकच असतं आणि पेपरातल्या सोप्या-मध्यम कोड्यांत तिथपर्यंत एकेक पाऊल कारणासकट जाता येतं. अंदाजाचा त्रास असा की चुकला तर लगेच कळत नाही, पुढची पंधरा-वीस घरं बिनबोभाट भरली जातात आणि मग कुठेतरी एकाच ओळीत दोन ८ येतात, तोवर चूक कुठे झाली ते शोधणं अशक्य होऊन बसतं.

आता तुमचं कोडं. तुम्ही रिकाम्या घराकडे बघून 'इथे काय येईल' असं विचारताय, सुरुवातीला ते उलटं करा. एक आकडा धरा आणि 'हा या बॉक्समध्ये कुठे बसेल' असं विचारा. घराला नऊ शक्यता असतात, पण जो आकडा आधीच बऱ्याच ठिकाणी आहे त्याला बॉक्समध्ये एकदोनच जागा उरलेल्या असतात. म्हणून जो आकडा जास्त वेळा दिलाय तो आधी घ्यायचा. तुमच्याकडे ३ पाच वेळा आहे आणि ५ पण पाच वेळा.

सोयीसाठी घरांना नाव देते, ५-६ म्हणजे वरून पाचवी आडवी ओळ आणि डावीकडून सहावी उभी ओळ.

मधोमधच्या बॉक्समध्ये ५ नाहीये. रिकामी घरं आहेत ५-४, ५-६, ६-४, ६-५, ६-६. सहाव्या आडव्या ओळीत अगदी शेवटी ५ बसलाय, म्हणजे ६-४, ६-५, ६-६ तिन्ही बाद. चौथ्या उभ्या ओळीत खाली ९-४ ला ५ आहे, म्हणजे ५-४ पण बाद. उरलं एकच घर, ५-६. तिथे ५ लिहा, पेनाने लिहिलात तरी चालेल.

आता त्याच बॉक्समध्ये ३ बघा. सहाव्या ओळीत ६-२ ला ३ आहे, परत ती तीन घरं गेली. ५-६ तर आत्ताच भरलं. म्हणून ५-४ मध्ये ३. (५ आधी टाकला नसता तर ३ ला दोन जागा राहिल्या असत्या. म्हणून एखादा आकडा पडला की लगेच त्याच्या शेजारपाजारी परत बघायचं.)

हा नवीन ३ आता वर काम करतो. वरच्या मधल्या बॉक्समध्ये ३ हवाय, दुसऱ्या ओळीत २-८ ला ३ आहे म्हणून २-४, २-५, २-६ नाही, उरली ३-४ आणि ३-६, पण चौथ्या उभ्या ओळीत आपण आत्ताच ३ टाकलाय, म्हणून ३-६. मग वरच्या डाव्या बॉक्समध्ये या, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत ३ झाला म्हणून तो पहिल्या ओळीतच, आणि दुसऱ्या उभ्या ओळीत ६-२ ला ३ असल्यामुळे १-२ बाद, म्हणजे १-१. आणि खालच्या उजव्या बॉक्समध्ये सातवी-आठवी ओळ ३ ने अडलेली, आठव्या उभ्या ओळीत २-८ चा ३ आहे, राहिलं ९-९. झाले, नऊच्या नऊ ३ जागेवर बसले आणि एकदाही अंदाज लावला नाही.

५ चं काम मी अर्धवट सोडते, ते आई आणि तुम्ही करा. वरचा उजवा बॉक्स, मग खालचा डावा, मग मधला डावा, याच क्रमाने जा कारण तिसऱ्याला दुसऱ्याची मदत लागते. ते झालं की पहिली आडवी ओळ बघा, तिथे तीनच घरं रिकामी उरतील.

कोडंप्रेमी

ताईंनी भारी सांगितलंय, मी फक्त बारीक आकड्यांबद्दल लिहितो.

नवीन लोक काय करतात, पहिल्या मिनिटाला सगळ्या रिकाम्या घरांत सगळ्या शक्यता लिहून काढतात, एकेका घरात चार-चार पाच-पाच आकडे. पेपरातलं घर केवढं असतं, त्यात हे सगळं कोंबलं की काही दिसतच नाही, आणि पुढे एक आकडा भरला की वीस ठिकाणी खोडायला लागतं, त्यातलं एखादं राहतंच. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवातीला असं करू नका.

त्याऐवजी ही पद्धत वापरा: एखाद्या बॉक्समध्ये एखादा आकडा दोनच घरांत बसू शकत असेल, तरच त्या दोन घरांच्या कोपऱ्यात तो बारीक लिहायचा. तीन जागा असतील तर काही लिहायचं नाही, पुढे जायचं. थॉमस स्नायडर नावाचा अमेरिकन खेळाडू आहे, तीन वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला, त्याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. २००८ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप त्याने आपल्या गोव्यात जिंकली होती.

याचा फायदा असा की बारीक आकडे कमी राहतात आणि जे आहेत ते बोलतात. त्या दोनातलं एक घर दुसऱ्या कशाने भरलं की आकडा आपोआप दुसऱ्या घरात. शिवाय दोन आकडे त्याच दोन घरांत लिहिलेले दिसले, समजा एका बॉक्समधल्या दोन घरांत ४ पण आहे आणि ९ पण आहे, तर ती दोन्ही घरं त्या दोघांनी बुक केली, तिसरा कुठलाही आकडा तिथे येऊच शकत नाही. त्यामुळे बाकीच्या आकड्यांना त्या बॉक्समध्ये दोन घरं कमी झाली आणि बऱ्याचदा तिथेच पुढचा आकडा सापडतो.

पेन्सिल एचबी पेक्षा थोडी मऊ घ्या, २बी चांगली, न्यूजप्रिंटवर कडक पेन्सिलने कागद फाटतो. आणि खोडरबर पांढरा, मऊ. हे लहान वाटेल पण रोज पेपरात सोडवणाऱ्याला फरक पडतो.

उभीआडवी

ताईंच्याच उदाहरणात अजून एक गोष्ट लपलीये ती सांगतो कारण मध्यम आणि अवघड यांच्यामधली पायरी तीच आहे.

समजा मधोमधच्या बॉक्सकडे तुमचं लक्षच गेलं नाही, ५ नाही, ३ नाही, काहीच भरलं नाही. मूळ कोडं समोर आहे. वरच्या मधल्या बॉक्समध्ये ३ कुठे बसेल? ३-४ किंवा ३-६. नक्की कुठे ते माहीत नाही. पण दोन्ही घरं तिसऱ्याच आडव्या ओळीत आहेत ना? म्हणजे तिसऱ्या ओळीचा ३ या बॉक्समध्येच असणार, हे पक्कं झालं. मग तिसऱ्या ओळीत इतर कुठेही ३ येऊ शकत नाही. आता डावीकडच्या बॉक्समध्ये बघा, तिथे ३ ला १-१ आणि ३-१ अशा दोनच जागा होत्या, त्यातली ३-१ या कारणाने गेली. म्हणून १-१ मध्ये ३.

म्हणजे आकडा नेमका कुठल्या घरात आहे हे कळायच्या आधीच त्याने दुसऱ्या बॉक्समधला प्रश्न सोडवला. कोडंप्रेमींच्या पद्धतीने बारीक आकडे लिहिले असतील तर हे डोळ्याला पटकन दिसतं, एकाच ओळीत दोन बारीक ३ शेजारीपाजारी, बास, ती ओळ दोन्ही बाजूंना पुढे बघायची.

उभ्या ओळींनाही हेच लागू. मला स्वतःला हा प्रकार सगळ्यात आवडतो, कारण इथे पहिल्यांदा समजतं की 'माहीत नाही' यातूनसुद्धा काहीतरी पक्कं काढता येतं.

मुलुंडकर

सगळ्यांना नमस्कार. माझं थोडं वेगळं मत आहे. सगळ्या शक्यता लिहायच्याच नाहीत हे मला पटत नाही. माझ्यासारख्या माणसाला, ज्याला आकडे डोक्यात धरून ठेवता येत नाहीत, त्याला पूर्ण लिहिलेलं बरं पडतं. अ‍ॅपवर तर नोट्सचं बटण असतं, आकडा भरला की बहुतेक अ‍ॅप आपोआप बाकीच्या ठिकाणचे खोडतात, मग काय हरकत आहे?

आणि पूर्ण लिहिल्याशिवाय जोडी सापडत नाही. म्हणजे एका ओळीत तीन घरं राहिलीत, एकात २ आणि ७, दुसऱ्यात २ आणि ७, तिसऱ्यात २, ५, ७. पहिल्या दोन घरांनी २ आणि ७ वाटून घेतले, कोणाकडे कुठला ते नंतर ठरेल, पण तिसऱ्याला ५ शिवाय पर्याय नाही. हे घराघरातल्या शक्यता लिहिल्यावरच दिसतं.

कोडंप्रेमी

@मुलुंडकर काका, अ‍ॅपवर सोडवत असाल तर तुमचं बरोबर आहे, तिथे खोडायचं काम आपलं नसतं. आणि जोडीचंही बरोबर. माझं म्हणणं एवढंच की पूर्ण शक्यता लिहायच्या असतील तर शेवटच्या टप्प्यात लिहा, आधी सगळे आकडे १ ते ९ एकदा फिरवून घ्या, जे सहज पडतात ते पडू द्या, मग उरलेल्या घरांत दोन-तीनच शक्यता राहतात आणि लिखाण आटोपशीर होतं. तुमच्या उदाहरणात तर ओळीत तीनच घरं उरलीत, म्हणजे ५ कुठे बसेल असं नुसतं विचारलं तरी तेच उत्तर येतं. ओळीत पाच-सहा घरं रिकामी असतील तेव्हा जोडीचा खरा उपयोग.

मुलुंडकर

शेवटी लिहायचं हे मान्य. पेपरावर तसंच करून बघतो.

पेपरवाचक_सांगली

ताई खूप खूप धन्यवाद, आणि सगळ्यांनाच. आईला वाचून दाखवलं, तिने ५ स्वतः शोधले, १-८, ८-१ आणि ४-३, बरोबर ना? ४-३ ला ती जरा थांबली होती कारण चौथ्या ओळीत ४-१ आणि ४-३ दोन्ही जमत होते, मग ८-१ मधल्या ५ मुळे पहिली उभी ओळ बंद झालीये हे तिच्याच लक्षात आलं.

मग पहिली ओळ. तिथे २, ७, ९ उरले. १-२ च्या बॉक्समध्ये २ आणि ७ आधीच आहेत म्हणून ९. सातव्या उभ्या ओळीत २ आहे म्हणून १-७ ला ७ आणि १-९ ला २. वरचा डावा बॉक्सही भरला, २-३ ला १ आणि ३-१ ला ४.

आता इथे आहोत:

३ ९ ८ | १ ४ ६ | ७ ५ २
७ ५ १ | . . . | . ३ .
४ २ ६ | . ५ ३ | . . .
--------------------
. . ५ | ४ ६ ८ | ३ . .
. . . | ३ २ ५ | ८ ९ .
. ३ . | . . . | . ६ ५
--------------------
. . ९ | . ३ . | ५ . .
५ . ३ | . ७ . | २ . .
. . ४ | ५ . ९ | १ . ३

आईला सहावी ओळ सोडवायचीच आहे पण तिथे सहा घरं रिकामी आहेत. मी म्हटलं ती सोडून दे, दुसरीकडे बघू. ती ऐकत नाहीये.

गणितवाली_ताई

५ तिन्ही बरोबर. आणि आईंना सांगा की त्यांनी अगदी योग्य ओळ पकडलीये, सोडू नका.

सहाव्या ओळीत १, २, ४, ७, ८, ९ राहिलेत, सहा घरांत सहा आकडे, नुसतं बघून काही होत नाही. पण मधोमधच्या बॉक्सकडे बघा. तिथे आता १, ७, ९ एवढेच उरलेत आणि रिकामी तिन्ही घरं सहाव्या ओळीतच आहेत. म्हणजे सहाव्या ओळीचे १, ७, ९ त्या बॉक्समध्ये जाणार, कुठला कुठे ते राहू दे. मग ओळीतल्या बाकीच्या तीन घरांना, ६-१, ६-३ आणि ६-७ ला, २, ४, ८ एवढेच उरले.

६-३ च्या उभ्या ओळीत ८ आणि ४ दोन्ही आहेत, म्हणून २. ६-७ च्या उभ्या ओळीत ८ आणि २ आहेत, म्हणून ४. राहिला ८, तो ६-१ ला. एका दमात तीन घरं.

त्यानंतर तिसऱ्या उभ्या ओळीत एकच घर उरतं, सातव्या उभ्या ओळीत दोनच. पुढचं सगळं एकेका पावलाने येतं, मी सांगत नाही.

उभीआडवी

आईंनी सहावी ओळ धरून ठेवली ते वाचून छान वाटलं. वर मी जे ३ बद्दल लिहिलं त्याचाच हा मोठा भाऊ आहे, तिथे एका आकड्याने ओळ अडवली, इथे तिघांनी मिळून.

नवीन_खेळाडू

मधेच विचारतो. कमी आकडे दिलेले असतील तर सुडोकू जास्त अवघड असतं का? आमच्याकडे येणाऱ्या पेपरात रविवारी जे येतं त्यात फारच रिकामं असतं, बघूनच सोडून देतो. आणि हा खेळ जपानचाच ना?

कोडंप्रेमी

कमी आकडे म्हणजे अवघड असं नाही. वरच्या कोड्यात ३० आकडे दिलेत. चोवीस-पंचवीस आकडे देऊनही सोपं कोडं बनवता येतं, आणि तीस देऊन डोकं फिरवणारंही. कुठली युक्ती लागते त्यावर ठरतं. एकच उत्तर असणाऱ्या कोड्याला कमीत कमी १७ आकडे लागतात, १६ मध्ये होत नाही, हे २०१२ मध्ये डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या टीमने कॉम्प्युटरवर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं. तेव्हा रविवारचं बघून सोडू नका, आधी जो आकडा जास्त वेळा आलाय तो धरून एक फेरी मारा आणि मग ठरवा.

जपानचं म्हणाल तर नाव आणि प्रसिद्धी तिकडची. कोडं मात्र हॉवर्ड गार्न्स या अमेरिकन आर्किटेक्टने बनवलेलं मानतात, १९७९ मध्ये तिकडच्या डेल कंपनीच्या कोड्यांच्या मासिकात आलं होतं. जपानमध्ये ते १९८४ ला निकोली या प्रकाशनाने आणलं. आणि सगळ्या जगात पसरलं ते २००४ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या टाइम्सने छापायला सुरुवात केल्यावर. वेन गूल्ड म्हणून हाँगकाँगचे निवृत्त न्यायाधीश होते, त्यांनी कोडी बनवणारा प्रोग्रॅम लिहिला होता, ते स्वतः ती कोडी घेऊन टाइम्सकडे गेले होते.

रात्रपाळी

एक्स-विंग वगैरे पण सांगा ना कुणीतरी, खूप ऐकलंय.

गणितवाली_ताई

@रात्रपाळी सांगेन, पण वेगळा धागा काढा. एक्स-विंग लागतं ते अवघड कोड्यांना, आणि त्यात चारही घरांतल्या शक्यता बरोबर लिहिलेल्या असाव्या लागतात. इथे ज्यांनी विचारलंय त्यांना आत्ता त्याची गरज नाही. या धाग्यात जेवढं आलंय, म्हणजे आकडा धरून बॉक्स तपासणं, शेवटी एकच शक्यता उरलेलं घर ओळखणं, एका ओळीत अडकलेला आकडा आणि जोडी, एवढ्यावर पेपरातलं मध्यम बहुतेक सगळं सुटतं. हे हाताला लागू दे. घाईघाईने नावं पाठ करणारे पुष्कळ बघितलेत मी शाळेत, वर्गात फळ्यावर सुडोकू लावते दर शनिवारी, त्यात जी मुलं एकेक आकडा शांतपणे नऊ बॉक्समधून फिरवतात तीच आधी उभी राहतात उत्तर घेऊन.

पेपरवाचक_सांगली

सुटलं! आईने सोडवलं, मी फक्त ३-७ चा ९ आणि २-७ चा ६ सांगितला. चौथ्या ओळीत ४-१ आणि ४-२ मध्ये १ आणि ९ ची जोडी आहे हे तिने मुलुंडकर काकांचं वाचून ओळखलं, मग ४-८ आणि ४-९ ला २ आणि ७, आणि नवव्या उभ्या ओळीत २ असल्यामुळे ७ शेवटी. पूर्ण उत्तर टाकतो, कुणी तपासणार असेल तर:

३९८ १४६ ७५२
७५१ ८९२ ६३४
४२६ ७५३ ९१८
९१५ ४६८ ३२७
६४७ ३२५ ८९१
८३२ ९१७ ४६५
१७९ २३४ ५८६
५८३ ६७१ २४९
२६४ ५८९ १७३

मुलुंडकर

तपासलं, अगदी बरोबर. आईंना नमस्कार सांगा. ४-१, ४-२ ची जोडी त्यांनी बारीक आकडे न लिहिता बघितली का?

पेपरवाचक_सांगली

नाही काका, फक्त त्याच चार घरांत लिहिले होते, बाकी कुठेच नाही. उद्याचं मध्यम ती एकटी करणार म्हणतेय, अडकली तर इथेच टाकतो.